वाइनची द्राक्षं लावावीत का? आणि 'नाशिक व्हॅली' जीआयचा (भौगोलिक मानांकनाचा) शेतकऱ्याला नेमका उपयोग काय?

कादवाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात आमची सहा एकर बाग आहे. चार एकर थॉमसन आणि दोन एकर जुनी सोनाका, दोन्ही खायच्या द्राक्षाच्या जाती. सोनाकाला पंधरा वर्षं होऊन गेली, घड कमी निघतात, यंदा खरड छाटणीनंतर काडीच नीट तयार झाली नाही म्हणून ती बाग काढायची हे घरात ठरलंय. पुढं काय लावायचं यावरून मात्र दोन महिने झाले घरात रोज वाद चालू आहे.

झालं असं की एका वायनरीचा फिल्ड ऑफिसर दोनदा येऊन गेला. म्हणाला ती दोन एकर आमच्या करारात द्या, शेनिन ब्लां (वाइनची पांढरी जात) लावा, कलमाची काडी आम्ही देतो, सल्ला आम्ही देतो, दहा वर्षं माल आम्हीच उचलणार. बोलता बोलता पाच-सहा वेळा त्यानं सांगितलं की तुमची जमीन 'नाशिक व्हॅली वाइन'च्या जीआयमध्ये येते, उद्या या जमिनीच्या मालाला वेगळाच भाव मिळेल, फ्रान्समध्ये असंच झालं वगैरे.

अण्णा (वडील) साफ नको म्हणतात. माझ्या मामांनी २००५ च्या आसपास शिराज (वाइनची लाल जात) लावली होती आणि पाचच वर्षांत मुळासकट काढली, ते अण्णांनी डोळ्यानं पाहिलंय. मला मात्र वाटतं की थॉमसनमध्ये तरी काय सुख आहे, डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), थिनिंग (मणी विरळणं), घडांना पेपर, मजूर, आणि ऐन माल तयार होताना अवकाळी. वाइनच्या बागेला खर्च निम्म्यावर येतो असं ऐकलंय.

तर विचारायचं होतं की हे जीआय म्हणजे नक्की काय, त्यानं माझ्या द्राक्षाला एक रुपया तरी जास्त मिळतो का, आणि ज्यांनी वाइनची बाग केली आहे त्यांनी खरं काय ते सांगा. चांगलं-वाईट दोन्ही सांगा, मला निर्णय ऑगस्टच्या आत घ्यायचाय.

जुना_बागायतदार

भाऊ, तुझ्या मामांसारखाच मी. फरक एवढाच की मी एक एकर ठेवली आणि ती अजून आहे, म्हणून दोन्ही बाजू सांगू शकतो. जरा लांबण लागेल.

आधी आपल्या भागाचं नीट समजून घे. गंगापूर धरणाच्या बाजूला राजीव सामंतांनी १९९७ ला सुलाच्या पहिल्या वेली लावल्या, सॉव्हिन्यों आणि शेनिन, आणि २००० साली त्यांची पहिली बाटली आली. त्याच्या आधी वाइन म्हटलं की लोक नारायणगावचं नाव घ्यायचे, नाशिक म्हणजे खायची द्राक्षं. मग २००१ ला राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. त्यानंतर जो उठला तो वायनरी काढायला लागला. चार-पाच बागायतदार एकत्र आले की झाली वायनरी, आणि गावोगाव लोक शिराज, कॅबर्ने, शेनिन लावायला लागले. मीही २००४ ला तीन एकर लावली.

पहिले तीन हंगाम इतके छान गेले की मी थॉमसनकडं दुर्लक्ष केलं. २००८ च्या शेवटी मुंबईवर हल्ला झाला, जगात मंदी आली, हॉटेलं ओस पडली आणि वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. २००९ च्या फेब्रुवारीत माझी शिराज तयार होती, शुगर तेवीसच्या वर गेली होती, आणि ज्या वायनरीशी माझा करार होता ते फोन उचलेनात. रोज सकाळी बागेत जायचो. मणी सुकायला लागले, गांधीलमाशा घोंगावायला लागल्या, घडातून आंबूस वास यायला लागला. शेवटी अर्धा माल निम्म्या दरात घेतला आणि ते पैसेही दोन वर्षांनी तुकड्या-तुकड्यानं आले.

आता यातली खरी गोष्ट ऐक, जी फिल्ड ऑफिसर सांगणार नाही. थॉमसनचा एक्स्पोर्ट फसला तर लोकलला जातो, लोकल पडला तर बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाला दुसरं गिऱ्हाईक नाही. मणी हरभऱ्याएवढा, साल जाड, आत बी, बाजारात कोण घेणार? बेदाणाही होत नाही. म्हणजे ज्या दिवशी वायनरी म्हणाली नको त्या दिवशी तुझ्या मालाची किंमत शून्य. हे डोक्यात पक्कं ठेव, मग बाकी सगळं बोलू.

आणि तरी मी एक एकर का ठेवली? कारण शेनिनची ती बाग मला आवडते. जीए म्हणजे संजीवकाची डिपिंग नाही, मणी विरळायला बायकांची टोळी शोधत फिरायचं नाही, पेपर लावायचा नाही. घड दिसायला कसा आहे याचं कुणाला पडलेलं नाही. एकरी चार-पाच टनावर थांबायचं, हावरटपणा करायचा नाही. खर्च निम्मा म्हणतोस ते मजुरीपुरतं खरं आहे, फवारणी मात्र तेवढीच. डावणी आणि भुरी या बुरशीच्या रोगांना वाइनची बाग काय आणि खायची काय, सारखीच.

जीआयबद्दल मला विचारशील तर त्यानं माझ्या मालाला आजपर्यंत एक पैसाही जास्त मिळालेला नाही.

ल्योंहून

मी मूळचा नाशिकचाच, कामानिमित्त सात वर्षं फ्रान्समध्ये ल्योंला आहे. शेतकरी नाही पण सुट्टीच्या दिवशी र्‍होन नदीच्या काठानं द्राक्षबागा बघत फिरतो, म्हणून या जीआयच्या प्रश्नावर लिहावंसं वाटलं.

जीआय म्हणजे एखाद्या मालाला त्याच्या भागाचं नाव कायद्यानं नोंदवून देणं. आपल्याकडं त्याचा १९९९ चा कायदा, लागू झाला सप्टेंबर २००३ पासून, नोंदणी चेन्नईला होते. दार्जिलिंग चहा पहिला. 'नाशिक व्हॅली वाइन'ची नोंद २०१०-११ ची आहे, आणि 'नाशिकची द्राक्षं' ही वेगळी नोंद आहे, दोन्हीत गल्लत करू नका. नोंद दहा वर्षांची असते, मग नूतनीकरण. महत्त्वाचं म्हणजे नोंदणीच्या रजिस्टरला दोन भाग असतात, एका भागात ते नाव आणि त्याचा मालक म्हणजे संस्था, आणि दुसऱ्या भागात अधिकृत वापरकर्ते. नुसती जमीन त्या भागात आहे म्हणून नाव आपोआप वापरता येत नाही, वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. आणि इथं नाव कशाला आहे? वाइनला. म्हणजे बाटलीला. तुमच्या वेलीला किंवा सातबाऱ्याला नाही.

आता 'फ्रान्समध्ये असंच झालं' हे त्या ऑफिसरचं वाक्य. ल्योंहून दक्षिणेला तासाभराच्या आत शातो ग्रिये म्हणून एक बाग आहे. फ्रान्समधल्या सगळ्यात लहान वाइन क्षेत्रांपैकी एक, चार हेक्टरसुद्धा नाही, आपल्या भाषेत दहा एकराच्या आत, आणि तेवढ्या तुकड्याला १९३६ पासून स्वतःची स्वतंत्र मान्यता आहे. मालक एकच, जात एकच, व्हियोनिए. मी खालच्या रस्त्यावरून पाहिलीय. डोंगराला अर्धगोल खळगा पडलाय, जुन्या थिएटरसारखा, त्यात दगडी बांधांच्या अरुंद पायऱ्या आणि एकेका पायरीवर वेलींच्या जेमतेम एक-दोन ओळी. ट्रॅक्टर तिथं चढूच शकत नाही. माझ्या आजोबांची मखमलाबादची बाग याच्यापेक्षा मोठी होती, हा विचार तिथं उभा असताना मनात आला आणि गलबलून आलं.

तर त्या दहा एकराला किंमत का? नावामुळं नाही, नावामागं जे नियम बांधलेत त्यामुळं. फ्रान्सची ही पद्धत १९३५ ची. त्यात फक्त सीमा नसते, कुठली जात लावायची, एकरी जास्तीत जास्त किती माल काढायचा, छाटणी कशी, तोडताना कमीत कमी साखर किती, सगळं लिहिलेलं असतं. एखाद्यानं डबल माल काढला तर त्याला ते नाव बाटलीवर लावता येत नाही.

अमेरिकेत उलट आहे. तिथं सरकार फक्त नकाशावर रेघ मारून देतं. पहिलं असं क्षेत्र १९८० चं, मिसूरी राज्यातलं ऑगस्टा, नापा त्याच्यानंतरचं. कॅलिफोर्नियात मेंडोसिनोमध्ये कोल रँच म्हणून आहे, १९८३ चं, बागा साठेक एकरांच्या. तिथं जात कुठली लावायची, माल किती काढायचा यावर काही बंधन नाही, फक्त लेबलवर नाव लावायचं तर ८५ टक्के द्राक्ष त्या रेघेच्या आतलं पाहिजे. तरीही तिथं शेतकऱ्याला फायदा होतो, कारण वायनरीला नाव लावायचं असेल तर त्याच रेघेच्या आतून द्राक्ष विकत घ्यावंच लागतं. दुसरीकडून स्वस्त आणून चालत नाही.

म्हणून कादवाकाठ, त्या ऑफिसरला एकच विचारा. तुमच्या बाटलीच्या लेबलवर 'नाशिक व्हॅली' छापता का? छापत असाल तर ते द्राक्ष इथलंच आहे हे कोण तपासतं? तो जर सरळ उत्तर देऊ शकला तर जीआयचा तुम्हाला उपयोग आहे. नाही देऊ शकला तर तो शब्द त्यानं फक्त तुम्हाला पटवायला वापरला.

निफाडकर

वरच्या दोघांचं वाचलं, पटलं पण थोडं वेगळं सांगतो.

आमची तीस वर्षं खायची द्राक्षं. 'नाशिकची द्राक्षं' याला पण जीआय आहे, मी आजपर्यंत पिंपळगावच्या मार्केटात कुठल्याही व्यापाऱ्याला ते विचारताना ऐकलं नाही. एक्स्पोर्टवाला रेसिड्यू रिपोर्ट (औषधांच्या अंशाचा) विचारतो, मण्याची साइज विचारतो, शुगर विचारतो. नाव कुणी विचारत नाही. त्यामुळं जीआयवर एक मिनिट घालवू नका.

थॉमसनमध्ये सुख नाही म्हणता, मग वाइनच्या द्राक्षाला काय थंडी वाजत नाही? निफाडला पारा पाच-सहावर आला की आमच्या मण्यांना तडे जातात हे खरं, पण गारपीट आली तर शिराजचे घड काय ढाल घेऊन उभे राहतात का. उलट फुटलेल्या मण्याचा माल वायनरी गेटवरूनच परत पाठवते, आणि वर जुन्या दादांनी सांगितलंच आहे की परत आलेला माल नेणार कुठं.

दोन एकर मोकळी करताय तर रंगीत जात लावा, नाहीतर दोन वर्षं जमिनीला विश्रांती द्या, ताग गाडा, शेणखत घाला. पंधरा वर्षं एकाच जागी द्राक्ष होतं, सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक कृमी) असणार. त्यावर लगेच परत द्राक्ष लावायची घाई कशाला?

टाकी_नंबर_७

मी एका वायनरीत सेलरमध्ये, म्हणजे वाइन बनते त्या विभागात आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही आणि माझं इथं लिहिणं कंपनीच्या वतीनं नाही. शेतकऱ्याची मुलगी आहे म्हणून दोन्हीकडचं कळतं.

निफाडकर दादा, फुटलेला माल परत जातो हे बरोबर आहे, पण कारण सांगते म्हणजे गैरसमज नको. मणी फुटला की त्यावर बुरशी आणि ॲसिटिक बॅक्टेरिया बसतात, तो रस टाकीत गेला की आख्खी टाकी व्हिनेगरच्या वासाची होते. पाच टनांची टाकी एका शेतकऱ्याच्या दोन क्रेटमुळं गेलेली मी पाहिलीय. तरीसुद्धा गेटवर उन्हात गाडी चार तास उभी ठेवून मग माल नाकारणं हे चूक आहे, आणि ते होतं, मी नाही म्हणणार नाही.

कादवाकाठ दादा, आपल्या हवामानाची एक गोष्ट समजून घ्या कारण सगळा करार त्यावर फिरतो. युरोपात द्राक्ष पिकतं तेव्हा उन्हाळा सरत असतो, फळ तयार होत जातं तसतशी हवा गार होत जाते. आपल्याकडं बरोबर उलटं. आपण सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी घेतो, फळ जानेवारी ते मार्चमध्ये येतं, म्हणजे फळ पिकतं तसतसं ऊन वाढत जातं. जानेवारीत रात्री दहाच्या खाली आणि दुपारी अठ्ठावीस, हे वाइनला फार छान, आंबटपणा टिकतो, वास टिकतो. पण फेब्रुवारी संपत आला की आठवड्याभरात साखर उडी मारते आणि आम्ल धडाधड खाली येतं. शेनिन मला २१-२२ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) आणि पीएच ३.३ च्या आसपास हवी असते. २२ ब्रिक्स म्हणजे वाइनमध्ये अंदाजे साडेबारा टक्के अल्कोहोल. तीच बाग दहा दिवस उशिरा तोडली तर साखर पंचवीस, पीएच पावणेचार, आणि ती वाइन तोंडात सपक लागते, कितीही टार्टारिक ॲसिड घातलं तरी जीव येत नाही.

आता यात शेतकऱ्याचं काय जातं ते बघा. तोडणीची तारीख वायनरी ठरवते. वायनरीची टाकी रिकामी नसेल तर ती म्हणते चार दिवस थांबा. त्या चार दिवसांत मण्यातलं पाणी उडतं, वजन घटतं, आणि तुम्हाला पैसे मिळतात वजनावर. म्हणजे टाकी आमची भरलेली, नुकसान तुमचं. हे करारात लिहून घ्या, की ठरलेल्या ब्रिक्सला बाग पोचली की इतक्या दिवसांत तोडणी झालीच पाहिजे, नाहीतर वजनघट वायनरीची.

मोजायचं कसं तेही शिकून घ्या. फिल्ड ऑफिसर येतो, वरचा उन्हातला एक मणी तोडतो, रिफ्रॅक्टोमीटरवर (साखर मोजायच्या यंत्रावर) पिळतो आणि आकडा सांगतो, तो आकडा नेहमी जास्त असतो. खरा नमुना म्हणजे शंभर मणी, ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या खांद्यावरचे, मधले आणि शेंड्याचे, सावलीतले पण. पिशवीत चुरडायचे, रस गाळायचा आणि मग थेंब काचेवर. बी चावून बघायची, हिरवी-मऊ असेल तर अजून वेळ आहे, तपकिरी होऊन कुडुम वाजली की तयार. मी अजून रोज सकाळी बी चावते, मशीनपेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास आहे.

आणि शेवटच्या महिन्यात गंधकाची फवारणी करू नका. भुरी दिसली की सगळे गंधक मारतात, पण ते सालीवर राहिलं तर फर्मेंटेशनमध्ये सडक्या अंड्याचा वास येतो. एका वर्षी आख्खा सॉव्हिन्योंचा लॉट त्या वासात गेला, महिनाभर झटत होतो.

कादवाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. रात्री अण्णांना बसवून सगळं वाचून दाखवलं. जुन्या बागायतदार दादांचं गांधीलमाशांचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले 'तुझ्या मामाकडं पण असंच'.

आज करारनामा मागवून घेतला. अकरा पानं आहेत. काही मुद्दे लिहितो, बघा.

एक, 'कंपनी आपल्या गरजेनुसार माल उचलेल'. दोन, ब्रिक्स वीसच्या खाली असेल तर दर कमी आणि अठराच्या खाली असेल तर नाकारणार, पण वरची मर्यादा कुठंच नाही, उशीर झाला तर काय ते पण नाही. तीन, दर पहिल्या तीन वर्षांचा लिहिलाय, पुढचा 'परस्पर संमतीने'. चार, करार दहा वर्षांचा, मी मधे सोडला तर काडीचे आणि कलमाचे पैसे व्याजासकट परत, कंपनीनं सोडला तर काय ते लिहिलेलं नाही. पाच, पैसे तोडणीनंतर नव्वद दिवसांत.

आणि ल्योंहून दादा, तुमचा प्रश्न मी ऑफिसरला फोनवर विचारला. तो म्हणाला लेबलवर आमच्या कंपनीचं नाव आणि द्राक्षाच्या जातीचं नाव असतं, 'नाशिक व्हॅली' अजून नाही, पुढं विचार आहे. मग मी विचारलं की बाहेरच्या जिल्ह्यातून द्राक्ष घेता का, तर म्हणाला लागलं तर घेतो.

निफाडकर दादा, सूत्रकृमीचं तुम्ही बोललात ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

जुना_बागायतदार

'गरजेनुसार' हा शब्द खोडायला लाव. माझ्या २००४ च्या करारात हाच शब्द होता आणि सगळा घात त्यानंच केला. दोन एकरांतून येणारा सगळा माल, किंवा निदान आठ टन, असं आकड्यात लिहून घे. आकडा नसेल तर सही नको.

पैशांचे नव्वद दिवस म्हणजे जानेवारीत तोडलं तर एप्रिल संपतो. खरड छाटणी, शेणखत, मजुरी सगळं एप्रिलात असतं. निम्मे तोडणीच्या आठवड्यात आणि निम्मे पंचेचाळीस दिवसांत, हे माझ्या आत्ताच्या कंपनीनं मान्य केलंय, म्हणजे होतं, मागितलं तर मिळतं. करार तोडल्याची शिक्षा दोन्ही बाजूंना सारखी पाहिजे. त्यांनी सोडलं तर एका हंगामाच्या मालाचे पैसे.

एकट्यानं मागू नकोस. तुझ्या गावात अजून कुणाला करार दिलेत ते शोध, चार-पाच जण मिळून बसा. मी २००९ ला एकटा होतो आणि तेच माझं सगळ्यात मोठं नुकसान होतं, शिराज गेल्यापेक्षा मोठं.

दोन एकर एकदम नको. एक एकर लाव. तीन तोडण्या बघ, मग दुसरी.

ल्योंहून

तो ऑफिसर निदान खरं बोलला, हे चांगलं लक्षण आहे. आणि त्याच्या उत्तरातच तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. जोवर ते नाव बाटलीवर छापत नाहीत आणि बाहेरून द्राक्ष आणायची मोकळीक आहे, तोवर दिंडोरीच्या द्राक्षाला वेगळा भाव मिळायचं कारणच नाही.

पण मला निफाडकरांसारखं 'जीआयवर एक मिनिट घालवू नका' असंही म्हणवत नाही. दिंडोरीची गार रात्र, सहाशे मीटरची उंची, खाली मुरूम, हे खरंच वेगळं आहे, शांडोन या फ्रेंच कंपनीनं स्पार्कलिंग (फेसाळ) वाइनची वायनरी काढायला देशभरातून दिंडोरी तालुकाच निवडला तो काही उगाच नाही. हे नाव आपल्याकडं आधीच आहे, नोंदलेलं आहे. शेतकऱ्यांनी वापरकर्त्यांच्या यादीत वायनऱ्यांच्या बरोबरीनं बसायला पाहिजे, एकरी मालाची मर्यादा आणि इथल्याच द्राक्षाची अट लिहून घ्यायला पाहिजे. फ्रान्समध्ये हे नियम वरून आले नाहीत, भेसळीच्या वाइनमुळं बुडालेल्या बागायतदारांनी रस्त्यावर उतरून मागितले होते.

निफाडकर

ल्योंवाल्या भाऊंचं पटलं, शब्द मागं घेतो. एक मिनिट नाही, द्राक्ष बागायतदार संघाच्या पुढच्या मेळाव्यात मी स्वतः हा विषय काढतो. खायच्या द्राक्षाच्या जीआयचं पण तेच दुखणं आहे.

कादवाकाठ, माती-पाणी आणि सूत्रकृमी तिन्ही तपासून घ्या. बाग काढायच्या आधी नमुना घ्या, मुळ्यांसकट, दोन फूट खोलीपर्यंत. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राशी बोला, खुंटाचं (ज्या मुळावर कलम करतात त्याचं) तेच नीट सांगतील.

कादवाकाठ

नमुने परवा दिले. अण्णा स्वतः टिकाव घेऊन आले आणि पाच ठिकाणी खोदलं. तीन ठिकाणी मुळांवर गाठी दिसल्या, रिपोर्ट यायचाय पण डोळ्यानंच दिसतंय. त्यामुळं या ऑगस्टला काहीच लावणार नाही. सोनाका काढून ताग पेरतो.

गावात अजून चौघांना त्याच कंपनीनं विचारलंय, कळलं. रविवारी आमच्या ओट्यावर बसणार आहोत. दुरुस्त केलेला करार कंपनीला देऊ, मान्य झाला तर पुढच्या वर्षी एक एकर.

टाकी_नंबर_७ ताई, एक विचारायचं राहिलं. आमच्याकडं सगळं डॉगरिज खुंटावर आहे. शेनिनला पण डॉगरिजच चालेल का?

टाकी_नंबर_७

चालतं, बऱ्याच जुन्या बागा डॉगरिजवरच आहेत, पण ते फार जोमदार वाढतं. खायच्या द्राक्षाला तो जोर हवा असतो, वाइनला नको असतो. पान दाट होतं, घड सावलीत जातात, भुरी येते आणि रस पातळ लागतो. तुमची जमीन मुरमाड असेल तर ठीक, काळी खोल असेल तर ११० आर हा खुंट विचारा, त्याची वाढ आवरती असते. माती रिपोर्ट आला की इथंच टाका, ईसी (क्षारांचं माप) आणि चुनखडीचा आकडा बघून सांगते. आणि काडी घेताना कुठल्या बागेतून आणली ते विचारून ती बाग एकदा फेब्रुवारीत जाऊन बघून या. पानं कडेनं खाली वळलेली, लालसर दिसली तर तिथली काडी घेऊ नका, तो व्हायरस असू शकतो आणि काडीतून तो तुमच्या बागेत येतो. तो लाल जातीवर पटकन दिसतो, शेनिनवर लपतो, म्हणून त्याच मालकाची शिराज असेल तर ती आधी बघा.